मधपेट्यांच्या ट्रेलरला दिवे

३ एप्रिल

बायरामच्या सणाचे पाहुणे काल आटोपले आणि आज सकाळी ट्रेलर दारात आला. मूळचा मधवाल्या सेलामीचा. इतकी वर्षं त्यातून मधमाश्यांच्या पेट्या डोंगरात जायच्या, आता आम्ही दोघं समुद्रावर जाणार. हिवाळाभर तो सुताराकडे होता. त्याने त्यावर पलंगाएवढी लाकडी खोली बांधली आहे आणि मागे झाकण उघडलं की ओटा, शेगडी, चहाच्या पेल्यांचा कप्पा. मधाचा वास मात्र सुताराला काढता आला नाही.

अखिसारच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं मी खिडकीमागे बसलो. लोकांची पाकिटं कुठकुठे गेली, मी कुठेच गेलो नाही. म्हणून हा खटाटोप, आणि म्हणूनच ही वही. कचेरीतली जुनी आवक-जावक नोंदवही आहे, निम्मी कोरी होती.

साजिदेने ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि मागे जाऊन थांबली.

"दिवे कुठायत याचे?"

"तेवढेच राहिलेत. आठ दिवसांचं काम."

"दिवे नीट पेटेपर्यंत मी यात पाऊल ठेवणार नाही, रिफात. आत्ताच सांगून ठेवते."

तिचा थोरला भाऊ नाझमी सालिहलीच्या रस्त्यावर द्राक्षांच्या ट्रॉलीवर आदळून गेला. ट्रॉलीला मागे एक दिवा नव्हता. एकोणीस वर्षं झाली, पण संध्याकाळी गाडीत बसलं की ती अजून समोरच्या अंधाराकडे टक लावून असते. म्हणून मी वाद घातला नाही.

रात्री जेवताना दुसरा बॉम्ब पडला. बुर्साला आमची मुलगी इल्काय आहे, तिला नोकरी आहे आणि तिचा मुलगा दोन वर्षांचा. साजिदेने दहा मेचं बसचं तिकीट काढून ठेवलं आहे. "त्याआधी तुझी गाडी रस्त्याला लागली तर तिकीट रद्द. नाही लागली तर मी ऑक्टोबरपर्यंत इल्कायकडे. उन्हाळाभर तू ट्रेलरकडे बघत बसणार आणि मी तुझ्याकडे, हे मला जमायचं नाही."

मी "बघू की" म्हणालो. खरं तर या घरात पाच महिने एकट्याने मला काढवणार नाहीत. तिला तसं म्हटलं नाही. वहीला सांगायला काय जातं.

५ एप्रिल

नियाझी उस्तादाकडे गेलो. गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही, असं तो स्वतःच सांगतो.

"हे बघ रिफात आबी, सात पिना, सात तारा. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा. लाल ब्रेक. काळी आणि तपकिरी मागचे लहान दिवे. निळी धुक्याचा दिवा. पांढरी अर्थिंग. पण तुझ्याने व्हायचं नाही ते. माझ्याकडे आणून टाक."

झालं. 'तुझ्याने व्हायचं नाही' म्हटल्यावर माझ्याच्याने आणून टाकणं झालं नाही. तारा, दोन दिवे आणि एक प्लग घेऊन घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला. इतका देखणा झाला की चौकट करून लावावा.

साजिदे समोर बाकल्याच्या शेंगा सोलत होती. तिने एकदा नजर टाकली. "पांढरी कुठे जातेय?"

"पांढरी राखीव ठेवलीय."

"राखीव कशासाठी?"

"लागली तर असावी. सेलामी म्हणाला, लोखंडाला लोखंड टेकलं की अर्थिंग आपोआप मिळतं. ट्रेलरचा हुक गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतोच की."

तिने पुढची शेंग घेतली. ती मानिसाच्या टीव्ही कारखान्यात बावीस वर्षं होती. सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून हिरव्या पाट्यांवर बारीकसारीक काहीतरी जोडायच्या त्या बायका. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायची तेव्हा पाय सुजलेले असायचे. आता तिला कसलीही दगदग द्यायची नाही असं मी ठरवलंय.

सूप उत्तम झालं होतं. रोजच्यासारखं "तुझ्या हातांना आरोग्य" म्हणालो.

८ एप्रिल

दिवे बसवले! उजवा एकदम झकास बसला. डावा बसवताना एक मधमाशी मधाच्या वासाने आली, ड्रिल हललं आणि भोक बोटभर खाली पडलं. कुणाच्या लक्षात येणार नाही.

समोरच्या शुक्रान हानिम गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काम सोपं जावो, रिफात एफेंदी! तो डावा जरा खाली वाटतोय का हो?"

तारा मी पार्सलच्या सुतळीसारख्या ताणून चापांनी पक्क्या केल्या. कुठे सुरकुती नाही. साजिदे चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दिव्यात शिरायच्या आधी तार वीतभर सैल सोड. खाली लोंबू दे."

"लोंबती तार म्हणजे ढिलं पार्सल. खिडकीवरून परत पाठवायचो आम्ही."

"बरं," ती म्हणाली.

मग हुक खरवडून निळा ऑइलपेंट दिला, गोळ्यालाही दिला, आणि वर भरपूर ग्रीस. आता गंजाची बिशाद नाही.

११ एप्रिल

चाचणी. इथे एक अडचण अशी की ब्रेक पुढे दाबायचा आणि दिवा मागे बघायचा. देवाने माणसाला एवढा लांब केलेला नाही. पण मी युक्ती काढली. झाडूचा दांडा ब्रेकवर टेकवून दुसरं टोक सीटमध्ये अडकवलं आणि धावत मागे गेलो.

मागे लग्नघर! डावा इंडिकेटर लावला होता तर सगळेच दिवे उघडझाप करत होते. ब्रेकचा लाल इतका मंद की विडीच्या टोकाएवढा. उजवीकडे वळायचं म्हटलं की डावीकडचाही डोळा मारायचा. झाडू काढून पुन्हा लावला, पुन्हा धावलो, असं सात वेळा. शेवटी गाडीची बॅटरी बसली.

आतून साजिदेची हाक आली, "रिफात, झाडू दिसला का कुठे?"

नाही म्हणालो. मला रडू यायचं बाकी होतं. रात्री पुन्हा नकाशा बघितला. नकाशात काही चूक नाही.

१५ एप्रिल

चार दिवसांत कुणाकुणाला विचारलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला आळशी म्हणू नये. सेलामी म्हणाला, ग्रीस आणखी लाव. जावयाने फोनवर सांगितलं, दिवे बदला. चहाच्या दुकानातले निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, हे हवेतल्या दमटपणामुळे होतं. शुक्रान हानिमच्या यजमानांनी डाव्या दिव्यावर थाप मारून बघितली. नियाझी उस्ताद नुसताच हसला. "आणून टाक म्हटलं होतं ना, आबी?"

साजिदे चहा ओतत होती. "अजून कुणी राहिलंय का विचारायचं?"

मी विचार केला. "नाही. सगळे झाले."

तिने माझा पेला उचलून नेला. त्यात अर्धा चहा होता. अलीकडे तिचं लक्ष नसतं. बुर्साकडे लागलेलं असणार.

१९ एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

सकाळी बाजारातून मुठीएवढा निळा मणी आणला, दृष्टीचा, आणि ट्रेलरच्या मागच्या दारावर टांगला. इतक्या लोकांनी इतकं बघितल्यावर दृष्ट लागणारच, हे आधीच सुचायला हवं होतं. मग पेन्शनच्या कागदासाठी कचेरीत गेलो. जुनी मंडळी भेटली, दोन तास गेले. परत येऊन सहज झाडू लावून पाहिलं तर डावा म्हणजे फक्त डावा! उजवा म्हणजे उजवा! ब्रेकचा लाल असा की शुक्रान हानिमच्या भिंतीवर उजेड पडला!

प्लग उघडून पाहिला. पांढरी तार, जी मी राखीव ठेवली होती, ती तिसऱ्या पिनेला जोडलेली. दुसरं टोक ट्रेलरच्या सांगाड्याला, आणि तिथला रंग खरवडून पत्रा लख्ख केलेला. मीच केलं असणार त्या वैतागात, विसरलो. वय झालं. पण सांधा काय सुरेख! मसुरीच्या डाळीएवढा, चकचकीत, कुठे ओघळ नाही. माझा हात बसत चाललाय.

घरात राळ जळल्यासारखा वास येत होता. साजिदे म्हणाली, वांगी भाजली. जेवायला वांगी नव्हती, पण आनंदात मी ते काढलं नाही.

२४ एप्रिल

साजिदे संध्याकाळी स्वतःहून ट्रेलरपाशी आली. बराच वेळ मागे उभी राहिली, डाव्या दिव्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "तू आत बसून ब्रेक दाब. मी मागून बघते."

मी म्हटलं, "तू कशाला उभी राहतेस? पाय दुखतील. झाडू आहे ना."

"हो. झाडू आहे," म्हणाली आणि आत गेली.

मी तिची एवढी काळजी घेतो, तरी तिकीट अजून रद्द केलेलं नाही. फ्रिजवर चुंबकाखाली तसंच लावलंय. दूध काढायला गेलं की दहा तारीख दिसते.

६ मे

आज हिद्रेल्लेझ, वसंताचा सण. काल संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी आपापल्या इच्छा कागदावर काढून गुलाबाच्या झाडाखाली ठेवल्या. साजिदेनेही आमच्या अंगणातल्या गुलाबाखाली ठेवली. दुसऱ्याची इच्छा बघू नये, मला माहीत आहे. पण पहाटे नळ सोडायला गेलो तर कागद उलटा पडून भिजत होता. सरळ करताना दिसला.

एक चौकोनी पेटी, खाली दोन चाकं, पुढे दांडा. लहान मुलाची ढकलगाडी! म्हणजे इल्कायला दुसरं मूल व्हावं अशी इच्छा आहे. पेटीच्या मागे दोन लाल टिकल्या का काढल्यात, देव जाणे. त्यातली एक दुसरीपेक्षा खाली. चित्रकला तिला कधीच जमली नाही.

कागद जागेवर ठेवला. दुसरं मूल म्हणजे नुसता ऑक्टोबर नाही, पुढची दोन वर्षं बुर्सा. तिने मनातून जे मागितलं त्यात मी नाही, एवढं कळलं. चहा कडू लागला, दोन खडे साखर जास्त घातली तरी.

७ मे

आज बोललो. फार धीर करून. "दहाला तुझी बस आहे. त्याआधी दोन रात्री दिकिलीला जाऊन येऊ या का? समुद्र बघू, तुला वेळेत परत आणतो. दिवे पेटतायत आता, तू पाहिलेस."

वाटलं होतं, इस्त्रीचे कपडे राहिलेत वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "कधी निघायचं?"

"उद्या?"

"उद्या." तिची पिशवी अर्ध्या तासात तयार झाली. कधी भरली कोण जाणे, तो अर्धा तास तर ती इतर कामंच करत होती. विणकामाची थैलीही घेतली आहे. मी उचलून गाडीत ठेवली. लोकर हल्ली बरीच जड येते.

८ मे, रात्री, दिकिली

उशीर झालाय, पण आजचं आजच लिहायला हवं.

तीनला निघायचं ते साडेपाच झाले, कारण गल्लीतली प्रत्येक बाई काही ना काही घेऊन आली. कुणी चीज भरलेले बोरेक, कुणी ऑलिव्हची बरणी. मग गाडी सुरू झाल्यावर मागून पाणी ओतायला सगळ्या उभ्या. पाण्यासारखं जा, पाण्यासारखं या. एकेक तांब्या पुरतो, आमच्या आईच्या वेळीही पुरायचा. पण शुक्रान हानिमनी बादली आणली होती आणि त्यांचा नेम चांगला आहे. आरशात दिसलं, ट्रेलरची मागची बाजू न्हाऊन निघाली. मला भरून आलं. हात हलवत निघालो.

किनिकच्या पुढे दिवस मावळायला लागला. मी दिवे लावले. साजिदे समोर टक लावून बसली होती, तशी ती बसतेच. थोड्या वेळाने मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मग शेजारी आला आणि ड्रायव्हर काच खाली करून ओरडला, "आबी! मागे काहीच नाहीये! काळोख आहे नुसता!"

साजिदेने दाराची मूठ धरली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत झाली नाही.

पेट्रोल पंपाच्या कडेला घेतलं. झाडू घरी राहिला होता. मी मागे जाऊन दिव्यांवर थापा मारल्या. पुढे आलो, बटणं दाबली, मागे गेलो. नियाझी उस्तादाला फोन केला, त्याने उचलला नाही. जावयाचा नंबर काढला आणि लावला नाही. साजिदे उतरून पंपाच्या कठड्यावर बसली होती, मांडीवर विणकामाची थैली. ट्रक जायचा तेव्हा तिचा रुमाल उडायचा. मला नाझमी आठवला. वाटलं, हिला बुर्साला जाऊ दे, सुखरूप असेल तिथे. माझ्यामागे या अंधारात कशाला.

आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "साजिदे, मला कळत नाहीये. तू बघतेस का?"

ती लगेच उठली नाही. मांडीवरच्या थैलीची गाठ सोडली.

"पाच आठवडे लागले तुला," ती म्हणाली.

थैलीतून लोकरीचा एक गुंडा निघाला. त्याखाली पक्कड, टॉर्च, बटणांच्या डबीत फ्यूज, कथलाच्या तारेचं वेटोळं, आणि गाडीच्या लायटरच्या भोकात खुपसायची सोल्डरिंगची कांडी. तिने टॉर्च माझ्या हातात दिला. "हलवू नकोस."

उजव्या दिव्याचं झाकण उघडलं तर आतून अर्धा पेला पाणी पडलं. शुक्रान हानिमचं. माझ्या ताणलेल्या तारेवरून ते सरळ दिव्यात चालत गेलं होतं. तिने आतला भाग माझ्या स्वच्छ रुमालाने पुसला, तार कापली, दिव्याजवळ वीतभर सैल सोडून खाली लोंबती ठेवली. "आता पाणी इथून खाली टपकेल. आत चढणार नाही. तुला सांगितलं होतं." विणकामाची सुई कांडीवर तापवून दिव्याच्या तळाला बारीक भोक पाडलं, म्हणजे गेलंच पाणी तर बाहेर पडेल. मग सांधा. कांडी टेकवली, कथिल टेकवलं, दोन्ही उचललं. राळेचा धूर. मागे राहिला मसुरीच्या डाळीएवढा चकचकीत ठिपका.

मी टॉर्च धरून त्या ठिपक्याकडे बघत राहिलो.

"पांढरी तार," मी म्हणालो. "वांगी."

"कुणी जोडली वाटलं तुला?"

"मला वाटलं, मीच."

ती हसायला लागली, कठड्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? सरळ म्हणायचंस, मला येतं."

हसू थांबलं. "बावीस वर्षं पट्ट्यावर काम समोर येत गेलं, कुणी 'करतेस का' म्हणून विचारलं नाही. वाटलं, घरी तरी कुणीतरी विचारेल. तू मधवाल्याला विचारलंस, रिफात. बँक मॅनेजरला विचारलंस."

लाज वाटली, ती लिहून ठेवतो.

तिने फ्यूज बदलला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. "मागे उभा राहा. मी दाबते, तू सांग."

मी मागे उभा राहिलो.

"लहान दिवे!"

"दोन्ही!"

"डावा!"

"डावा! एकटाच!"

"उजवा!"

"एकटाच!"

"ब्रेक!"

"लाल!" मी ओरडलो. "लाल, साजिदे! अख्खा रस्ता लाल!"

पंपावरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. ती उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि लहान दिव्यांकडे बराच वेळ बघत होती. हळूच म्हणाली, "लांबून दिसतील ना?"

"दिसतील."

मी तिचे दोन्ही हात धरले. राळेने चिकट होते. "तुझ्या हातांना आरोग्य," मी म्हणालो. हे मी तिला रोज म्हणतो, सूप झालं की, भात झाला की. आज पहिल्यांदा हातांकडे बघून म्हणालो.

९ मे

मागचं झाकण उघडून समुद्राकडे तोंड करून चहा घेतला. दोन मधमाश्या इथेही आल्या. मी धीर करून विचारलं, "इल्कायकडे काही बातमी आहे का? म्हणजे दुसरं... तू गुलाबाखाली ढकलगाडी काढली होतीस."

"बघितलास तू!" तिने मला चापट मारली. मग विणकामाच्या थैलीतून तो कागद काढला, वाळलेला, सुरकुतलेला, आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. "नीट बघ, एफेंदी."

पेटी. दोन चाकं. पुढे दांडा, त्याच्या टोकाला हुक, निळा. मागे दोन लाल टिकल्या.

तिने फोन काढला आणि इल्कायला सांगितलं की उद्याच्या बसने येत नाही, जूनमध्ये आम्ही दोघं येऊ, आमची गाडी घेऊन. मी तो कागद या वहीत चिकटवला. मग टेप घेऊन मागे गेलो आणि मोजलं. चित्रातल्यासारखाच डावा दिवा उजव्यापेक्षा बरोबर बोटभर खाली आहे. तो मी आता सरळ करणार नाही.